गरिबाचे काळीज कमजोर नाही, निदान उशिरा पोहोचते!

वस्तीत रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत कळ आली की घरातल्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'गॅस'. मग ओवा चावायला दिला जातो, सोडा पाण्यात घालून पाजला जातो, पाठ चोळली जाते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेले तर तिथेही ॲसिडिटीचे इंजेक्शन देऊन 'सकाळी बघू' असे सांगितले जाते. कित्येकांच्या बाबतीत ती सकाळ उजाडत नाही. मग शोकसभेत आम्ही सारे एकच वाक्य बोलतो, 'परवापर्यंत चांगला हिंडत-फिरत होता, अचानक गेला.'

अचानक? आमचा या शब्दावरच आक्षेप आहे. हृदयाचा स्नायू मरू लागतो तेव्हा तो गुपचूप मरत नाही. काही तासांतच तो आपला पुरावा रक्तात सोडतो. प्रश्न एवढाच आहे की, तो पुरावा वाचणारे कुणी त्या रात्री तिथे असते काय?

आमच्या परिचयातले एक हमाल होते. वय ५२. तीस वर्षे मार्केट यार्डात पोती वाहिली. एका संध्याकाळी छाती भरून आली, डावा हात जड झाला. दवाखान्यात ईसीजी काढला, त्यात ठळक दोष दिसला नाही. 'अंगमेहनतीचे काम आहे, स्नायू दुखावला असेल', असे सांगून गोळ्या देऊन त्यांना घरी धाडले. दुसरा ईसीजी नाही, रक्ताची तपासणी नाही. पहाटे ते गेले. त्या दवाखान्याचे नाव आम्ही घेत नाही, कारण दोष एकट्या त्या दवाखान्याचा नाही. जी तपासणी व्हायला हवी होती तिची सोयच तिथे नव्हती. आणि ती सोय अशा हजारो ठिकाणी नसते.

काही शहाणे म्हणतील, गरीब माणूस तंबाखू खातो, व्यसने करतो, वेळेवर दवाखान्यात जात नाही, म्हणून मरतो. या युक्तिवादाला आकड्यांनी उत्तर देता येते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली 'क्रिएट' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. डेनिस झेवियर आणि सहकाऱ्यांनी भारतातील ५० शहरांतल्या ८९ केंद्रांतील २०,४६८ हृदयरुग्णांची नोंद त्यात केली होती. दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम काळ होता ३६० मिनिटे. म्हणजे निम्मे रुग्ण सहा तासांनंतर पोहोचले. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के, तर गरीब रुग्णांत ८.२ टक्के.

आता पुढची गोष्ट नीट वाचावी. संशोधकांनी रुग्णांची व्यसने, आधीचे आजार, वय यांचा फरक हिशेबातून काढून पाहिला. तरीही गरीब-श्रीमंतांच्या मृत्यूतील अंतर मिटले नाही. मग मिळालेल्या उपचारांचा फरक काढून पाहिला. तेव्हा ते अंतर नाहीसे झाले! याचा अर्थ स्वच्छ आहे. गरिबाचे काळीज कमजोर नव्हते. त्याच्यापर्यंत उपचार पोहोचले नाहीत. आणि उपचारांचे दार उघडते ते निदानाच्या किल्लीने. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आधी कुणीतरी 'हा हृदयविकार आहे' असे ठरवावे लागते. ज्याला 'गॅस' म्हणून घरी धाडले त्याला कोणती योजना वाचवणार?

याच 'क्रिएट' अभ्यासात ज्यांचे निदान निश्चित झाले, त्यांपैकी सुमारे ६१ टक्क्यांच्या ईसीजीमध्ये झटक्याची ती ठळक खूण होती. अशा रुग्णाला रक्ततपासणीची वाट न पाहता तात्काळ उपचार द्यायचे असतात. बाकीच्यांच्या ईसीजीत मात्र ती खूण नव्हती. आमचे हमाल याच दुसऱ्या रांगेतले. या रांगेतल्या माणसाचा निवाडा रक्तावर होतो. म्हणून हृदयाच्या इजेची रक्तातली खूण हा केवळ प्रयोगशाळेचा विषय नाही, तो आमच्या जगण्या-मरण्याचा विषय आहे.

ही खूण शोधण्याचा इतिहास सत्तर वर्षांचा आहे. १९५४ साली न्यूयॉर्कमधील लाड्यू, रॉब्लेव्स्की आणि कारमेन यांनी दाखवून दिले की, हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातील एसजीओटी हे विकर वाढते. पण एसजीओटी यकृतातही असते आणि हातापायांच्या स्नायूंतही. पोते वाहणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, बांधकामावर घमेली उचलणाऱ्या माणसाचे स्नायू रोजच ताणले जातात. त्याच्या रक्तातली वाढ हृदयाची की खांद्याची, हे कसे ओळखायचे? पुढे आलेल्या सीपीके सारख्या तपासण्यांतही ही अडचण कमी-अधिक राहिलीच.

उत्तर मिळाले ते ट्रोपोनिनमध्ये. जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात स्नायूतील हा प्रथिनांचा समूह शोधला. स्नायूने कधी आकसायचे आणि कधी सैल व्हायचे हे तो ठरवतो. त्याचे तीन भाग आहेत, सी, आय आणि टी. यांतील आय आणि टी हे भाग हृदयात वेगळे असतात आणि हातापायांच्या स्नायूंत वेगळे. हृदयाच्या ट्रोपोनिन आय ला सुरुवातीलाच सुमारे ३० अमिनो आम्लांचा जास्तीचा तुकडा असतो, तो खांद्याच्या स्नायूत नसतो. हीच ती ओळखपट्टी! १९८० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील कमिन्स आणि जर्मनीतील काटुस यांच्या गटांनी ट्रोपोनिन रक्तात मोजण्याच्या पद्धती काढल्या. २००० साली युरोप आणि अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांनी हृदयविकाराच्या झटक्याची व्याख्याच ट्रोपोनिनच्या आधारे नव्याने मांडली.

आता मोजमाप किती बारीक आहे ते पाहा. प्रचलित असलेल्या एका अतिसंवेदनशील चाचणीत निरोगी माणसाची वरची मर्यादा पुरुषांसाठी लिटरला ३४ नॅनोग्रॅम आणि स्त्रियांसाठी १६ नॅनोग्रॅम आहे. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. एडिंबरोच्या संशोधकांनी २०१५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखवले की, स्त्रियांना ही त्यांची स्वतःची मर्यादा लावली तर झटक्याचे निदान झालेल्या स्त्रियांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर जाते. म्हणजे आधी निम्म्या स्त्रिया सुटून जात होत्या! मोजपट्टी पुरुषाच्या मापाची असली की बाईचे दुखणे मोजलेच जात नाही. मोजपट्टी कुणाच्या मापाची, हा प्रश्न आमच्या वाचकांना नवा नाही.

अतिसंवेदनशील चाचणीमुळे मोठ्या रुग्णालयात एक ते तीन तासांत दोनदा रक्त तपासून निवाडा करता येतो. पण त्यासाठी महागडे यंत्र लागते, वीज लागते, प्रशिक्षित माणूस लागतो. तालुक्याच्या पलीकडे काय? बाजारात ट्रोपोनिनची साधी कार्डे मिळतात, गरोदरपणाच्या तपासणीच्या पट्टीसारखी. पण त्यांतील अनेकांची मर्यादा मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅम, म्हणजे लिटरला ५०० नॅनोग्रॅम असते. कंपनीगणिक मोजमापात फरक पडतो हे मान्य केले, तरी कुठे १६ आणि कुठे ५००! झटक्याच्या पहिल्या एक-दोन तासांत अशा कार्डावर रेघ उमटली नाही, म्हणून रुग्णाला घरी धाडले, तर त्या कार्डानेच घात केला असे होईल.

या चाचण्यांत ट्रोपोनिनला पकडण्याचे काम प्रतिपिंडे करतात. प्रतिपिंडे ही मोठी, नाजूक प्रथिने. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी शोधलेल्या तंत्राने ती सहसा उंदराच्या पेशींपासून तयार केली जातात. त्यांचे द्रावण फ्रिजमध्ये ठेवावे लागते. सुकवून बसवलेल्या कार्डांनाही अनेकदा ३० अंशांच्या आत ठेवा अशी सूचना असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि आरोग्य केंद्राची वीज दुपारीच जाते. तेव्हा ही सूचना कुणी पाळायची आणि कशी?

येथे पेप्टाइडचा विषय येतो. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. प्रतिपिंडात अशी तेराशेहून अधिक अमिनो आम्ले गुंफलेली असतात. पेप्टाइडमध्ये दहा-बारा मणी असले तरी चालते. मेरिफिल्ड यांनी १९६३ साली दिलेल्या पद्धतीने ते रसायनांपासून जोडता येते, त्यासाठी उंदीर लागत नाही. एकदा क्रम ठरला की प्रत्येक खेपेस तोच माल निघतो. आणि लहान पेप्टाइड प्रतिपिंडाच्या मानाने उष्णतेत सहसा अधिक तग धरते. म्हणजे ट्रोपोनिनला घट्ट धरणारे एखादे पेप्टाइड पट्टीवर बसवता आले, तर स्वस्त आणि उन्हाळ्यात टिकणारी चाचणी होऊ शकते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठात स्कॉट बॅन्टा यांच्या गटाने २०१० साली ट्रोपोनिन आय ला धरणारी अशी पेप्टाइडे शोधून काढली. माळ १२ मण्यांची. पद्धत होती फेज डिस्प्ले, म्हणजे जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंच्या अंगावर निरनिराळी पेप्टाइडे उगवायची आणि त्यांतली ट्रोपोनिनला चिकटणारी निवडून घ्यायची. या पद्धतीसाठी जॉर्ज स्मिथ यांना २०१८ चे नोबेल विभागून मिळाले.

पण या निवडीला एक मर्यादा आहे. निसर्गातील अमिनो आम्ले २०. बारा मण्यांच्या माळा किती होतील? वीसला वीसने बारा वेळा मांडून गुणा. उत्तर येते सुमारे ४१ कोटी गुणिले एक कोटी! विषाणूंच्या एका संग्रहात साधारण शंभर कोटी माळा असतात. म्हणजे ४१ लाख शक्यतांपैकी एकच तपासली जाते. बाकीच्या माळांत याहून चांगली नसेल कशावरून? त्या सगळ्या प्रयोगशाळेत करून पाहायच्या तर पिढ्या जातील. म्हणून संगणक.

संगणक हे काम कसे करतो? आधी ट्रोपोनिनचा आकार ठाऊक हवा. जपानी शास्त्रज्ञांनी २००३ साली मानवी हृदयातील ट्रोपोनिनच्या गाभ्याची रचना क्ष-किरणांनी उलगडली. १९७१ पासून चालत आलेल्या 'प्रोटीन डेटा बँक' या जागतिक भांडारात ती कुणालाही फुकट पाहता येते. मग संगणकात पेप्टाइडची माळ त्या आकाराच्या खाचाखोचांत निरनिराळ्या बाजूंनी बसवून पाहायची. याला डॉकिंग म्हणतात. जी माळ बरी बसते ती घेऊन पुढची परीक्षा, मॉलिक्युलर डायनॅमिक्स. भोवती पाण्याचे हजारो रेणू आणि मीठ घालून प्रत्येक अणूवर किती जोर पडतो, तो कुठे सरकेल, हे पावलापावलाने मोजायचे. एक पाऊल साधारण दोन फेम्टोसेकंदांचे. शंभर नॅनोसेकंदांचा खेळ पाहायचा तर अशी पाच कोटी पावले मोजावी लागतात. त्या हलकल्लोळात माळ ट्रोपोनिनला धरून राहते की सुटते, हे पाहायचे. मग एक मणी बदलायचा आणि पुन्हा मोजायचे.

याच परीक्षेत आमच्या हमालाचाही प्रश्न सुटू शकतो. तीच माळ खांद्याच्या स्नायूतील ट्रोपोनिनपुढे ठेवून पाहायची. तिथेही ती चिकटली तर ती नापास. ती हृदयाचेच ट्रोपोनिन ओळखत असेल तरच कष्टकरी माणसाच्या उपयोगाची. आणि ही विद्या परकी आहे असेही कुणी समजू नये. प्रथिनांची साखळी कुठे वळू शकते आणि कुठे नाही, याचा नियम जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली मद्रासमध्ये बसून मांडला. आजही जगभर प्रथिनाची नवी रचना 'रामचंद्रन आलेखा'वर तपासली जाते.

२०१८ साली कॅरोल हॉल, राजेश नाईक आदींच्या गटाने याच वाटेने जाऊन दाखवले. आधी ठाऊक असलेले, ट्रोपोनिन आय ला धरणारे एक पेप्टाइड त्यांनी जनक मानले आणि संगणकात त्याची पुढची वाण घडवली. त्यांतील एक पेप्टाइड मूळच्यापेक्षा सुमारे १६ पट घट्ट धरते असे आढळले. प्रयोगशाळेत त्याने मिलिलिटरला ०.२३ पिकोग्रॅम, म्हणजे लिटरला ०.२३ नॅनोग्रॅम इतके ट्रोपोनिन ओळखले. स्त्रियांच्या १६ च्या मर्यादेपेक्षाही सुमारे सत्तर पट खाली!

आता टाळ्या वाजवायच्या काय? इतक्यात नाही. प्रयोगशाळेतील यश आणि आरोग्य केंद्रातील चाचणी यांत मोठी दरी असते. रक्त म्हणजे मिठाचे पाणी नव्हे. रक्तात एका लिटरमागे सुमारे ४० ग्रॅम अल्ब्युमिन असते. म्हणजे १६ नॅनोग्रॅम ट्रोपोनिनच्या अडीचशे कोटी पट! त्या गर्दीत माळेने दुसऱ्या कुणाला न चिकटता ट्रोपोनिनच धरायचे आहे. शिवाय रक्तात ट्रोपोनिन अखंड नसते, ते तुटलेले असते, कधी ट्रोपोनिन सी ला बिलगलेले असते. जी बाजू उघडी राहते तिथेच माळेला जागा मिळाली पाहिजे. संगणकाचे गणित अंदाज देते, निकाल देत नाही. निकाल लागतो तो रुग्णांच्या रक्तावर. आणि ट्रोपोनिन मूत्रपिंडाच्या आजारात, हृदयाच्या सुजेतही वाढते. म्हणून एका आकड्यावर नव्हे, तर दोन तपासण्यांतील चढ-उतारावर डॉक्टर निवाडा करतात. चाचणी कितीही चांगली असली तरी डॉक्टर लागणारच.

आमचा खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. २०१८ च्या त्या संशोधनात अमेरिकन हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेचा सहभाग होता. माणसाचे आरोग्य आणि कार्यक्षमता यांच्यावर नजर ठेवणारे संवेदक बनवणे, हा त्यामागचा हेतू. एका देशाचे सैन्य आपल्या माणसांच्या आरोग्यासाठी प्रश्न विचारते आणि त्यासाठी पैसा खर्च करते, यात गैर काही नाही. गैर हे आहे की, ऊसतोड कामगाराच्या, सफाई कामगाराच्या, हमालाच्या हृदयासाठी तोच प्रश्न इथे कुणी विचारत नाही. विज्ञान आपोआप गरिबाच्या दारात येत नाही. जो प्रश्न विचारतो त्याच्या दारात ते आधी जाते.

मग प्रश्न विचारणारे कुठून येणार? आमच्या घरांतून आले पाहिजेत. या संशोधनाला जमीन-जुमला लागत नाही. रचनांचे भांडार फुकट आहे. ऑटोडॉक, ग्रोमॅक्स ही सॉफ्टवेअरे फुकट आहेत. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ साली तिने 'परम ८०००' हा महासंगणक बांधला, म्हणजे संगणकाची विद्या आपल्या दाराशी येऊनही तीसहून अधिक वर्षे झाली. आमची मुले आज बी.एस्सी., बी.फार्म., संगणकशास्त्र शिकतात आणि पदवी घेऊन स्पर्धा परीक्षांच्या रांगेत उभी राहतात. नोकरी हवीच, ती आम्ही नाकारत नाही. पण त्यांतील काहींनी तरी या वाटेला जावे, आणि संशोधनाची शिष्यवृत्ती त्यांना महिनोन् महिने न रखडता मिळावी. ज्याच्या घरी 'गॅस' म्हणून माणूस गेला आहे, तो जेव्हा संशोधक होईल तेव्हा ४५ अंशांत टिकणारी चाचणी हा त्याचा पहिला प्रश्न असेल, शेवटचा नव्हे.

शासनाकडे आमची मागणी साधी आहे. नव्या पेप्टाइडची वाट पाहत हातावर हात ठेवून बसू नका. आज जे आहे ते तरी पोहोचवा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास ईसीजी आणि तो वाचणारा माणूस हवा. संवेदनशील ट्रोपोनिन चाचणी तालुक्यापर्यंत हवी. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या संशोधनात स्वस्त आणि उष्णता सोसणाऱ्या चाचणीला स्थान हवे, आणि ती इथल्या कष्टकरी स्त्री-पुरुषांच्या रक्तावर तपासलेली हवी.

आणि बंधू-भगिनींनो, आपल्या हाती जे आहे ते आपण आजपासून करू. छातीत दाब वाटला, दुखणे हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे गेले, घाम फुटला, तर ओवा-सोड्यात वेळ घालवू नका. बायकांना आणि मधुमेही माणसांना छातीत न दुखता नुसता दम लागणे, मळमळणे, गळून जाणे असेही होऊ शकते, हे लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा, ईसीजी होईल अशा ठिकाणी जा. पहिला ईसीजी चांगला आला तरी 'पुन्हा काढणार काय, ट्रोपोनिन केव्हा तपासणार, दुसऱ्यांदा केव्हा?' असे नम्रपणे पण ठामपणे विचारा. हा प्रश्न विचारायला डॉक्टरी पदवी लागत नाही. आमच्या हमालाच्या घरच्यांना हा प्रश्न ठाऊक नव्हता. तो ठाऊक असता तर त्यांनी त्या रात्री त्यांना यंत्र असलेल्या रुग्णालयात नेले असते. आता तो वस्तीतल्या प्रत्येक घराला ठाऊक झाला पाहिजे.